पेशीच्या आवरणावरील अपुरे काम

कर्करोग म्हणजे पेशींची बेबंद वाढ, हे आपण ऐकलेले असते. पण काल शेजारणीला टेकताच थांबणारी पेशी आज तिच्या अंगावर का चढते, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक धागा पेशीच्या आवरणावर सापडतो.

या आवरणातील काही मेदरेणूंना बाहेरच्या अंगाने शर्करेची साखळी जोडलेली असते. त्यांना ग्लायकोलिपिड म्हणतात. ही साखळी एकदम होत नाही. प्रथम ग्लुकोज, मग गॅलॅक्टोज, मग सायलिक आम्ल अशी एकेक कडी लागते, आणि प्रत्येक कडीसाठी निराळे एन्झाइम राबते. आम्हां कामगारांना हे फोडून सांगावे लागत नाही. रंगखाते बंद पडले, की कापड कोरेच बाहेर पडते.

पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या अर्बुदामागे विषाणू असल्याचे दाखविले. पुढे पॉलिओमा, एसव्ही-४० हे विषाणू काचपात्रातील पेशींचा स्वभाव पालटतात, हे कळले. १९६८ साली हाकोमोरी व मुराकामी यांना पॉलिओमाने पालटलेल्या हॅमस्टरच्या पेशींत सायलिक आम्लाची कडी असलेला पदार्थ घटलेला व त्याआधीचा अपुरा पदार्थ वाढलेला आढळला. बेथेस्डा येथे मोरा, ब्रॅडी प्रभृतींनी उंदराच्या पेशी तपासल्या. तेथे ही कडी होती, पण पुढच्या लांब साखळ्या ओसरल्या होत्या. आणि १९७० साली पुढची कडी जोडणारे एन्झाइमच मंदावलेले दिसले.

मग दोष एन्झाइमचा काय? आम्ही म्हणू, काम थांबले तर हुकूम कोणाचा ते आधी पाहा. येथे विषाणूची जनुके पेशीच्या कारभारात शिरलेली असतात. शिवाय सर्व पालटलेल्या पेशींत हा बदल सारखा नसतो. म्हणून यालाच रोगाचे मूळ म्हणणे धाडसाचे होईल. पण ही नुसती खूणही नव्हे. हॅमस्टरच्या पेशींत घटलेला तोच पदार्थ वाढीचा निरोप घेणाऱ्या रेणूवर लगाम ठेवतो, असे १९८६ साली प्रयोगात दिसले.

रुग्णाला याचा उपयोग काय? लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या अर्बुदाच्या पेशींवर जीडी-२ नावाचे ग्लायकोलिपिड विपुल असते. हे अर्बुद विषाणूमुळे होत नाही. पण त्या खुणेवर नेम धरणारे प्रतिपिंडाचे औषध अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाले. आवरणावरच्या कड्या मोजण्याचे किचकट काम असे मुलांच्या खाटेपर्यंत पोहोचले.