विमानाचे इंजिन सुरू का होत नाही?

सेस्ना १७२ हे चार आसनांचे लहान विमान १९५६ साली विक्रीस आले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. आपल्याकडील वैमानिक प्रशिक्षण संस्थांतही ते दिसते. त्याचे झाकण उघडून पाहिले तर आतील इंजिन आपल्या ओळखीचेच निघते. सिलिंडर, दट्ट्या, झडपा, स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोलच्या मोटारीत असते ते सर्व त्यात आहे. एक गोष्ट मात्र वेगळी आहे. ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येत नाही. बॅटरी फक्त स्टार्टरची मोटर फिरवते. ठिणगीची वीज इंजिनच तयार करते, आणि तीही दोन स्वतंत्र यंत्रांनी. या यंत्राला मॅग्नेटो म्हणतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक डाव्या मॅग्नेटोचा व एक उजव्याचा. आकाशात बॅटरी संपली, जनित्र बंद पडले, तरी इंजिन चालू राहावे यासाठी ही योजना आहे. अलीकडे काही विमानांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीही आल्या आहेत. पण मॅग्नेटो अजून हटलेला नाही.

उड्डाणात आधार देणारी ही सोय इंजिन सुरू करताना मात्र अडचणीची ठरते. ती अडचण समजून घ्यायला सायकलचा डायनॅमो आठवावा. सायकल हळू चालवली की दिवा मंद होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह जितक्या झपाट्याने बदलेल तितका विद्युतदाब जास्त. मॅग्नेटोतही एक चुंबक फिरतो आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण करतो. ऐन क्षणी त्या वेटोळ्याचा प्रवाह तोडला की हजारो फेऱ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्लगपुरता मोठा दाब उभा राहतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात हा चुंबक इंजिनाच्याच गतीने फिरतो. उड्डाण घेताना ही गती मिनिटाला २७०० फेरे असते. स्टार्टर मात्र इंजिन फिरवतो शे-दीडशे फेऱ्यांनी. १२० धरले तरी गती बाविसाव्या हिश्शापेक्षाही कमी झाली. एवढ्यात प्लगच्या फटीतून ठिणगी उडणे कठीण. म्हणजे चुंबक वेगाने फिरायला इंजिन सुरू व्हायला हवे आणि इंजिन सुरू व्हायला चुंबक वेगाने फिरायला हवा!

यात दुसरीही एक मेख आहे, आणि तिचे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. दट्ट्या वर पोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पाडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. बऱ्याच लायकमिंग इंजिनांत ठिणगी २५ अंश आधी पडते. मिनिटाला २७०० फेरे म्हणजे सेकंदाला ४५. तेव्हा २५ अंश फिरायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतात. तेच १२० फेऱ्यांच्या गतीला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतील. म्हणजे ठिणगी २५ अंश आधीच पडली, तर दट्ट्या वर पोचायच्या कितीतरी आधी मिश्रण जळेल आणि वर येणाऱ्या दट्ट्याला उलटे ढकलेल. जुन्या मोटारसायकलची किक ज्यांच्या पोटरीवर उलटी बसली आहे त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

या दोन्ही अडचणींवर एकच तोडगा आहे. मॅग्नेटोचा दांडा इंजिनाला थेट जोडलेला नसतो. मध्ये एक स्प्रिंगची जोडणी असते. तिला इंपल्स कपलिंग म्हणतात. इंजिन हळू फिरत असताना तिच्यातील लहान पंजे एका खुंटीला अडकतात. चुंबक थांबतो, इंजिन पुढे जात राहते, स्प्रिंग पिळली जाते. दट्ट्या वर पोचायच्या सुमारास पंजा सुटतो आणि चुंबक गर्रकन फिरतो. स्टार्टर कितीही हळू फिरवो, त्या क्षणापुरता चुंबक वेगवान होतो; शिवाय ठिणगी उशिराही पडते. इंजिनाने वेग घेतला की अपकेंद्री परिणामाने पंजे खुंटीपासून दूर राहतात आणि जोडणी सरळ चालू लागते. यात ना बॅटरी ना तार. आम्हांला तरी ही युक्ती फार देखणी वाटते. पंजा सुटताना खट् असा स्पष्ट आवाज होतो. इंजिन बंद होतानाच्या शेवटच्या फेऱ्यांतही तो ऐकू येतो.

आता काल नीट उडालेले विमान आज सुरू होत नाही याचा उलगडा होऊ शकतो. पंजे मळाने चिकटले, किंवा स्वतःच चुंबकले, तर ते खुंटीत अडकत नाहीत. खट् आवाज येत नाही, ठिणगीही पडत नाही. मात्र एकदा वेग आला की हाच मॅग्नेटो निर्दोष चालतो, त्यामुळे उडताना दोष दिसत नाही. पुष्कळ विमानांत ही जोडणी फक्त डाव्या मॅग्नेटोला असते आणि किल्ली ‘स्टार्ट’वर असेपर्यंत उजवा बंद ठेवलेला असतो. म्हणून जाणकार एक खूण लक्षात ठेवतात. किल्ली धरून ठेवली तर इंजिन नुसतेच फिरते, आणि सोडल्याबरोबर भुर्रकन सुरू होते. किल्ली सुटताच उजवा मॅग्नेटो जागा झाला आणि उरलेल्या गतीवर त्याने ठिणगी टाकली. तेव्हा दोष डावीकडे शोधायचा.

अर्थात प्रत्येक वेळी दोष ठिणगीचाच असतो असे नाही. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, वाफ होऊन हवेत मिसळले तरच जळते. थंडीत वाफ कमी होते, म्हणून जादा पेट्रोल द्यावे लागते. (बजाजची जुनी स्कूटर सकाळी तिरकी करत, ती याचसाठी.) हेच जादा पेट्रोल गरम इंजिनात दिले तर मिश्रण अति दाट होते. इंधन थेट नळ्यांनी पुरवणाऱ्या इंजिनांत आणखी एक प्रकार घडतो. दुपारी विमान उतरून थांबले की वारा लागेनासा होतो, सिलिंडरांवरील बारीक नळ्या तापतात आणि पेट्रोल त्यांच्यातच उकळते. मग पंपातून द्रवाऐवजी बुडबुडे पुढे जातात. लक्षण दोन्हीकडे एकच, इंजिन पेट घेत नाही. उपाय मात्र उलट. पेट्रोल अति झाले असेल तर इंधन पूर्ण तोडून, हवेची झडप उघडी ठेवून इंजिन फिरवतात, म्हणजे जादा वाफ निघून जाते.

अलास्का किंवा कॅनडाच्या हिवाळ्यात याहून विचित्र प्रकार घडतो. इंजिन दोन-चार फेरे पेट घेते, विझते, आणि मग काही केल्या दाद देत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्या क्षणभराच्या ज्वलनातील बाष्प थंडगार प्लगवर गोठते आणि त्याची फट बर्फाने बुजते. येथे ऊब देण्यावाचून इलाज नसतो.

शेवटी एक धोक्याची बाब. घरातील दिव्याचे बटण मंडल तोडते तेव्हा दिवा विझतो. मॅग्नेटोचे बटण याच्या उलट काम करते. ते बंद केले की एका तारेने आतील वेटोळे इंजिनाच्या धातूला जोडले जाते, म्हणून ठिणगी पडत नाही. हीच तार तुटली तर? किल्ली ‘बंद’वर, खिशात, तरीही मॅग्नेटो चालूच. इंजिन सुरू होईना म्हणून कोणी पंखा हाताने फिरवला, तर इंपल्स कपलिंग इमानेइतबारे ठिणगी टाकते आणि पंखा त्या माणसावर फिरतो. असे अपघात घडले आहेत. म्हणून इंजिन मंद चालत असताना किल्ली क्षणभर ‘बंद’ करून ते खरोखर विझू लागते का हे पाहतात. विझू लागले नाही, तर तार दुरुस्त होईपर्यंत त्या पंख्याला कोणी हात लावत नाही.