खानोलकरांची ‘चानी’

धामापूरच्या तळ्याची आख्यायिका मालवण-कुडाळ भागात पोरासोरांनाही ठाऊक असते. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई ह्यांनी १५३० साली डोंगरांमधले पाणी बांध घालून अडविले आणि हे विस्तीर्ण तळे झाले. काठावर भगवती देवीचे देऊळ आहे. लोक सांगतात की, पूर्वी घरात लग्नकार्य निघाले आणि मुलीच्या अंगावर घालायला सोने नसले, म्हणजे घरचा माणूस फुलांचे दागिने करून परडीत ठेवी आणि ती परडी तळ्यात सोडी. परडी बुडे आणि सोन्याचे दागिने घेऊन वर येई. कार्य उरकल्यावर ते तळ्याला परत करायचे, एवढीच अट. पुढे कोणी एकाने ते परत केले नाहीत, आणि तळ्याने देणे बंद केले.

ह्या गोड आख्यायिकेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मुलगी कितीही गरिबाची असो, तिच्यासाठी परडी सोडणारे कोणीतरी आहे. जिला असे कोणीच नाही, तिचे काय? आख्यायिका हा प्रश्न विचारीत नाही. तो ह्याच मुलखातल्या एका लेखकाने, तळ्याशी काही संबंध न जोडता, आपल्या एका छोट्या कादंबरीत विचारला. ते लेखक चिं. त्र्यं. खानोलकर आणि ती कादंबरी ‘चानी’. १९७० साली ‘गणुराया आणि चानी’ ह्या एकाच पुस्तकात त्यांच्या दोन लघुकादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या, त्यांतली ही दुसरी.

खानोलकरांचा जन्म १९३० सालचा, वेंगुर्ल्याकडच्या बागलांची राई येथला. कुडाळास त्यांनी खाणावळ चालविली, १९५९ साली ते मुंबईस गेले आणि १९७६ साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारले. आरती प्रभू ह्या नावाने लिहिलेल्या त्यांच्या कविता मराठी वाचकाच्या परिचयाच्या आहेत.

चानीची हकीकत थोडक्यात अशी. आई गावची, बाप गोरा, आणि आईवर झालेल्या बळजबरीतून हिचा जन्म. कोकणातल्या काळ्यासावळ्या माणसांत ही गोऱ्या कातडीची, सोनेरी केसांची पोर. हा किनारा गोऱ्या माणसाला अनोळखी नव्हता. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांची वखार होती, आणि मालवण १८१२ साली इंग्रजांकडे गेले. गोरा आला, राहिला आणि गेला. त्याने केलेल्या अपराधाची खूण मात्र चानीच्या अंगावर राहिली. अपराधी गावाच्या हाती लागण्यासारखा नव्हता, ही पोर हाताशी होती. म्हणून जी शिक्षा त्याला व्हायची ती हिला झाली. गावाने तिला आपल्यांत घेतले नाही.

खानोलकरांच्या लेखनाविषयी बोलताना ‘नियती’ हा शब्द हटकून येतो, आणि ‘कोंडुरा’सारखी कादंबरी वाचल्यावर तो खराही वाटतो. पण चानीच्या बाबतीत तो शब्द वापरण्यास आम्ही कचरतो. सोनेरी केस घेऊन जन्मणे ही नियती म्हणा हवी तर. त्या केसांपायी कोणी पाणी न देणे, सावली टाळणे, ही नियती नव्हे. ती माणसांची करणी आहे. एकटेपण चानीच्या स्वभावात नाही. ते तिच्यावर रोज, हातांनी लादावे लागते. आणि ज्या रूपामुळे ती विटाळाची ठरते, त्याच रूपामागे गावातल्या पुरुषांच्या नजरा धावतात. दूर ठेवायचे तेही तिलाच, आणि हवी असते तीही तीच.

ह्या सगळ्यात तिच्याकडे सरळ पाहणारा एकच, दिनू नावाचा लहान मुलगा. खानोलकरांनी हे काम मुलावर का सोपविले, ह्याचा विचार केला पाहिजे. मोठ्या माणसाने चानीला जवळ केले असते तर ती दया झाली असती, नाहीतर बंडखोरी, नाहीतर वासना. मुलाला ह्यांतले काहीच येत नाही. विटाळ म्हणजे काय हे तो अजून पुरते शिकलेला नाही, एवढेच. म्हणजे विटाळ ही शिकविण्याची गोष्ट आहे. हे लेखक व्याख्यान न देता दाखवितो.

नावाचेही तसेच. मालवणी बोलीत चानी म्हणजे खार. सेतू बांधताना वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवर रामाने बोटे फिरविली, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. ह्या चानीच्या पाठीवर मायेचा हात फिरविणारा गावात मोठा माणूस निघाला नाही.

येथे जॉन स्टाइनबेक ह्या अमेरिकन लेखकाची १९३७ सालची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही लघुकादंबरी आठवते. कॅलिफोर्नियातल्या एका शेतमळ्यावर मालकाच्या मुलाची, कर्लीची, बायको आहे. पुरुषांच्या त्या वस्तीत ती एकटी बाई. कोणाशी चार शब्द बोलावे म्हणून ती हिंडते, आणि सगळे तिला उठवळ समजून टाळतात. लेखकाने तिला स्वतःचे नावसुद्धा दिलेले नाही. ती शेवटपर्यंत ‘कर्लीची बायको’च. मळ्याजवळच्या गावाचे नाव सोलेदाद, आणि स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ एकांत. ती सून असून एकटी, ही लेक असून एकटी. एकीला नाव नाही, दुसरीचे नाव रानातल्या जिवाचे. घराच्या आत असो की गावाच्या बाहेर, जिचे म्हणणे कोणी ऐकत नाही ती बाई एकटीच.

व्ही. शांताराम ह्यांनी १९७७ साली ‘चानी’वर चित्रपट काढला, आणि रंजनाने ती भूमिका केली. त्यामुळे चानी पुष्कळांना डोळ्यांनी दिसली. पण चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे. पडद्यावर आपण चानीकडे पाहतो. वाचताना गाव तिच्याकडे कसे पाहते तेही दिसते, आणि त्या गावात आपणही उभे आहोत, अशी शंका येते.

तळ्याच्या आख्यायिकेत दागिने ठेवून घेणारा एकच लबाड होता, तरी त्याचे फळ साऱ्या मुलखाला भोगावे लागले. चानीच्या कथेत उलटे आहे. तिचे बालपण, तिची अब्रू, माणूस म्हणून तिची जागा साऱ्या गावाने ठेवून घेतली, आणि फळ तिने एकटीने भोगले. घेतलेले परत करावे, ही अट धामापूरच्या तळ्याने सोन्यापुरतीच घातली होती, असे आम्हांला वाटत नाही.