पोकलेनचे इंजिन ‘पाणी खाते’ तेव्हा...

मुलुंडची क्षेपणभूमी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली आणि सुमारे २४ हेक्टरवर साचलेला अंदाजे ७० लाख टन जुना कचरा उपसून त्याची विल्हेवाट लावण्याचे काम हाती घेण्यात आले. असा कचरा उपसायचा असो, अंधेरी-बोरिवलीतील पुनर्विकासाचे पाये खणायचे असोत वा मेट्रोच्या खांबांसाठी जमीन मोकळी करायची असो. भार पडतो तो पोकलेन, जेसीबी आणि डंपरवर. (‘पोकलेन’ हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव, मराठीत ते यंत्राचेच नाव होऊन बसले.) ही यंत्रे बहुधा तासाच्या भाड्याने चालतात. हेड गॅस्केट गेले की भाडे थांबते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही आणि ऑपरेटरचा रोजही बुडतो. दुर्दैव असे की, अनेकदा दोष भलतीकडेच असतो आणि इंजिनाचे हेड विनाकारण उतरवले जाते.

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. एकीकडे जळत्या डिझेलचा प्रचंड दाब, दुसरीकडे थंडाव्याचे पाणी, तिसरीकडे वंगणाचे तेल. या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. आधुनिक डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब दीडशे बारच्याही वर जातो, तर रेडिएटरमधील पाण्याचा दाब जेमतेम एक बारच्या आसपास असतो. त्यामुळे गॅस्केटला चीर पडली की धूर पाण्यात शिरतो, पाण्याचे अभिसरण बिघडते, इंजिन तापते आणि त्या उष्णतेने हेड वाकून चीर आणखी रुंदावते.

गॅस्केट आपणहून क्वचितच जाते. बहुधा आधी इंजिन तापलेले असते. कचरा आणि पाडकामाच्या ठिकाणी उडणारी धूळ, प्लास्टिकच्या चिंध्या रेडिएटरच्या जाळीत अडकतात. तेलाचा कूलर वा वातानुकूलन यंत्राची जाळी रेडिएटरला लागून असेल, तर मधल्या फटीत साचलेला कचरा बाहेरून दिसतही नाही. त्यात कूलंट संपले म्हणून टँकरचे वा बोअरचे पाणी भरले जाते. त्यातील क्षारांचा थर आतून बसतो. आणि तापमानाचा दिवा लागला तरी ‘एवढा डंपर भरून टाक’ असे सांगणारा मुकादम असतोच.

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, डोळ्यांनी व्हावी. बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘पाणी खाते’. पांढरा धूर हे दुसरे लक्षण. पण पावसाळ्यातील सकाळी निरोगी इंजिनही थोडा वेळ पांढरा धूर सोडते. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन गरम झाल्यावर नाहीसा होतो. कूलंटच्या वाफेला गोडसर वास येतो आणि ती इंजिन तापल्यानंतरही येत राहते. सर्वात सोपी खूण सकाळची. थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नसून धुराचा असतो. रेडिएटरचे झाकण उघडून पाहायचे ते इंजिन पूर्ण थंड असतानाच. तापलेले झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर येते.

तेलात पाणी आहे का, हे रात्रभर उभ्या यंत्राच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करून कळते. पाणी जड असल्याने साचलेले असल्यास ते आधी बाहेर पडते. उलट पाण्यात तेल आढळले, तर संशय आधी ऑइल कूलरवर घ्यावा. चालत्या इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो आणि कूलर फुटला की तेल पाण्यात जाते. डंपरमध्ये आणखी एक चकवा आहे. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर पाण्याने थंड होत असेल, तर त्याच्या हेडमधील गळतीमुळेही रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या तात्पुरत्या वेगळ्या करून बुडबुडे थांबले, तर इंजिनाचे हेड उतरवण्याची गरजच उरत नाही.

पाण्यातील धूर तपासण्यासाठी निळे रसायन मिळते. धूर लागताच ते हिरवट-पिवळे होते. बिनभाराच्या डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने ही चाचणी यंत्राला भार देऊन झाल्यावर करणे बरे. हातपंपाने पाण्याला झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देऊन, चेंबर उतरवून खालून पाहिले, तर पाणी लायनरच्या रिंगमधून झिरपते की वरून येते, तेही दिसते.

दोष गॅस्केटचाच ठरला, तर बकेट जमिनीवर टेकवून, बॅटरी सोडवून काम सुरू करावे. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, बाहेरून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करतात. उतरवलेल्या हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजतात. मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेतली धरावी, ती मिलिमीटरच्या शतांशांत असते. वाक जास्त असेल तर हेड घासून घ्यावे लागते, त्याआधी तडा गेला आहे का हे तपासून.

घाईत वगळली जाणारी मोजणी मात्र लायनरची. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनर ब्लॉकच्या पातळीहून किंचित वर असावा लागतो आणि तोच गॅस्केटला घट्ट दाबतो. डायल गेजने ही उंची मोजलीच नाही आणि लायनर खाली बसलेला असला, तर नवे गॅस्केटही थोड्याच दिवसांत जाते. मग दोष ‘डुप्लिकेट माला’ला दिला जातो.

बोल्टच्या भोकांतील तेल-पाणी पुसून काढावे. बंद भोकात द्रव राहिला तर आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. एकदाच वापरायचे बोल्ट नवेच घ्यावेत. आवळणी मध्यापासून बाहेर, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील क्रमाने. तेल, फिल्टर आणि कूलंट बदलून हवा काढावी. गळतीबंद पावडर टाकू नये, ती कूलरच्या बारीक वाटा बुजवते. यंत्र साइटवर परत जाण्यापूर्वी रेडिएटर आणि कूलर वेगळे करून धुवावेत. काही इंजिनांत ठरावीक तास चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, काहींत मुळीच नाही. कोणते कशात, हे पुस्तिकेतच पाहावे.