उन्हाची मिळकत (भाग ६) : गच्चीवरचा बंब

रायपुरात उन्हाचा तुटवडा नाही. तरीही पाणी तापवायला ‘सोलर’ म्हटलं की इथला गृहस्थ आधी खिशाकडे बघतो, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

हिशेब सोपा आहे. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला गीझर साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज घेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे १२० दिवसांत, साडेपाचशे युनिट. युनिटला पाच रुपये धरले तर वर्षाची बचत पावणेतीन हजार. त्यात मार्च २०१९ पासून छत्तीसगड सरकारने ४०० युनिटांपर्यंतचं बिल निम्मं केलं, तेव्हा तीही अर्ध्यावर आली. २०२५ मध्ये ही मर्यादा खाली आणली गेली, त्यामुळे पाटी पुसून नव्याने आकडेमोड करायला हवी. पाणी तापवणाऱ्या संचावरचं केंद्राचं अनुदान मात्र २०१४ मध्येच थांबलं. वीज बनवणाऱ्या तीन किलोवॅटच्या पॅनेलांना ‘सूर्य घर’ योजनेत ७८ हजार रुपये मिळतात. गंमत अशी की पॅनेल उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा वापरतं, तर पाणी तापवणारा कलेक्टर निम्म्याच्या आसपास. गच्ची लहान असेल तर हा फरक मोठा ठरतो.

मग सुरुवात कुठून करावी? जिथे गरम पाणी बाराही महिने लागतं तिथून. वसतिगृहं, रुग्णालयं, मोठी स्वयंपाकघरं. इथे संच उन्हाळ्यातही बसून राहत नाही. तेलकट पातेली आणि चादरी रोजच धुवाव्या लागतात.

असा संच वर्गणीतूनही बसवता येईल; रायपूरच्या मराठी मंडळींना अशी सामायिक कामं नवी नाहीत. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून वर्गणी आणि देणग्यांवर संस्था उभ्या करत आलं आहे. सभागृहाच्या पंख्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं, तसं गच्चीवरच्या टाकीवरही येईल! पालिकेनेही हातभार लावावा. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल यांपैकी एक सोय असेल तर मिळकतकरात पाच टक्के, दोन असतील तर दहा टक्के सूट देते.

पैसे जमले तरी संच कसा बसवला यावर पुढचं सगळं अवलंबून. कलेक्टरचं तोंड दक्षिणेला हवं. रायपूर २१ अक्षांशावर आहे. थंडीत जास्त ऊन पकडायचं तर उतार तीसेक अंशांचा ठेवतात. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचून तांब्याच्या नळ्या चोंदतात. तिथे हीट एक्स्चेंजर लागतो किंवा काचेच्या नळ्यांचा संच बरा. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप उघडा आणि लांबलचक ठेवला की सकाळच्या पहिल्या एक-दोन बादल्या गारच येतात आणि मोरीत जातात.

ढगाळ दिवसासाठी टाकीत विजेची कॉइल असते. ती रात्रभर चालू राहिली तर सकाळी पाणी आधीच कढत असतं आणि दिवसभराच्या उन्हाला काही कामच उरत नाही. वसतिगृहात हे बटण एकाच माणसाच्या ताब्यात असावं. पहाटे आधी आकाश बघून मगच ते दाबायचं.