तंजावरला मुक्काम हवा

तमिळनाडूच्या सहलीत मराठी कुटुंबांच्या वाट्याला तंजावर येते ते बहुधा अर्ध्या दिवसापुरते. बृहदीश्वराचे दर्शन घ्यायचे, भोसल्यांचा राजवाडा बघताना ऊर भरून यायचा आणि रामेश्वर गाठायचे. मुलाबाळांना घेऊन इतिहास पाहायला निघालेल्यांनी या शहरात दोन-तीन दिवस तरी राहावे, आणि तिथे नुसत्या मराठ्यांच्या खुणा शोधत फिरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे राज्य स्थापले. १८५५ मध्ये गादीला वारस नाही म्हणून इंग्रजांनी ते खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांतले भोसल्यांचे मोठेपण कळायचे, तर त्यांच्या आधी तिथे काय होते हे आधी पाहावे लागते.

बृहदीश्वराच्या मंदिरातच त्याचा पुरावा आहे. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केले. साठ मीटरच्या आसपास उंची असलेल्या विमानाकडे माना वर करून सगळेच पाहतात, पण पायथ्याच्या भिंतींवर दाटीवाटीने कोरलेल्या तमिळ लेखांपाशी फारसे कुणी थांबत नाही. राजाने काय दान दिले, थोरली बहीण कुंदवैने काय दिले, याच्या नोंदी तिथे आहेत. शिवाय देवळासाठी आणलेल्या सुमारे चारशे नर्तकी, त्यांची नावे, कुणाला कोणत्या गल्लीतले घर मिळाले, हेही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य बायकांची नावे इतक्या निगुतीने जपलेली क्वचितच सापडतात. पुढचा प्रचंड नंदी नायक राजांच्या काळातला. आणि याच आवारात, १८०३ मध्ये, सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. आधीच्यांचे लेख जागच्या जागी राहिले, त्यांच्या शेजारी आपला आला.

दरबारातही तीच रीत. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे तेलुगूत आणि मराठीतही नाटके लिहीत. सांगलीला १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगले, त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही मराठी नाटके. सरफोजींच्या दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाचा क्रम बसवला. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ आणि तेलुगू पोथ्यांबरोबर मोडीतली दप्तरे आहेत.

आपल्या माणसांचा अभिमान वाटला तर बिघडले कुठे, असे कुणी विचारील. काहीच नाही, किंबहुना मुलांना आत ओढून घ्यायला मराठी शिलालेखासारखी दुसरी वाट नाही. पण अभिमान तिथेच थांबला, तर परक्या मुलखात परक्या भाषांना राजाश्रय देणारे हे राजे नुसते जिंकणारे म्हणून लक्षात राहतील, आणि तो त्यांच्यावरच अन्याय होईल.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक आहे: दगड आणि पोथ्या बघून मुले कंटाळतात. कंटाळतात हे खरे, विशेषतः भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवले तर. म्हणून मंदिर सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर पाहावे आणि एक दिवस कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैसाठी राखावा. तिथले स्थपती चोळांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती ओततात. नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून तिला घड्या घालतात. त्या घड्यांवरून चेहरा, धड, पाय यांची मापे ठरतात. मेण आणि राळेची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपायची, भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. ज्या मुलाने हे काम पाहिले, ते दुसऱ्या दिवशी तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात चोळ नटराजापुढे उभे राहिले, की हा कसा केला असेल ते स्वतःच सांगू लागते.