जीव वाचवण्याची धडपड सुरू असताना घरचे आत

रुग्णाचं हृदय थांबलं की नातेवाइकांना आधी बाहेर काढलं जातं. अमेरिकेत मिशिगनमधल्या फूट हॉस्पिटलने १९८२ मध्ये या रिवाजाचा फेरविचार सुरू केला, कारण घरच्यांनी आत थांबण्याचा हट्टच धरला होता.

त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आला तो फ्रान्समधून. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरीच हृदय बंद पडलेल्या रुग्णांचे ५७० नातेवाईक होते. ‘सीपीआर चालू असताना थांबायचंय का?’ असं ज्यांना पथकाने आवर्जून विचारलं, त्यांच्यात ९० दिवसांनंतर मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली. उपचारांत अडथळा आला नाही, पथकावरचा ताणही वाढला नाही.

मात्र नुसतं दार उघडून भागत नाही. फक्त घरच्यांसाठी एक जाणता कर्मचारी हवाच. तो आधीच सांगतो: छाती जोरात दाबतील, तोंडात नळी दिसेल, बरगडी मोडू शकते. कुठे उभं राहायचं ते दाखवतो, जमेल तेव्हा रुग्णाचा हात धरू देतो. सक्ती कुणावरच नाही. पाहवेनासं झालं तर केव्हाही बाहेर पडता येतं, आणि तोही सोबत येतो.