क्लच उघडलाच आहे, तर बेअरिंगही बदला!

दसरा जवळ आला की वसमत, औंढा, कळमनुरीच्या गॅरेजांत ट्रॅक्टरांची गर्दी होते. गळीत हंगामापूर्वी आपण दुरुस्ती करून घेतो हे चांगलेच. पण "मोडलं तेवढंच बदला" हा हट्ट आपल्याला महागात पडतो.

क्लचचेच बघा. प्लेट बदलायची तर मिस्त्रीला इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. खरी मजुरी तिथेच जाते. रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सीलही त्याच बाजूला असते. जुने सील पुढे गळू लागले, तर तेल नव्या प्लेटवर येऊन क्लच घसरतो. मग तोच ट्रॅक्टर पुन्हा उघडा, तीच मजुरी पुन्हा मोजा!

ट्रॉलीचे चाक उतरवले, तर हबचे बेअरिंग तपासा, सील नवे घाला, ग्रीस भरा. रेडिएटर काढला, तर फुगलेले होज पाइप आणि चिरलेला फॅनबेल्ट परत चढवू नका.

धडधाकट भाग फेकावेत, असे आम्ही म्हणत नाही. भाग स्वस्त, पण तिथवर पोचायची मजुरी जास्त, असा जुना भाग असेल तोच बदलावा.

हंगामात ट्रॅक्टर वाटेत थांबला की टोळी बसून राहते, भरलेली ट्रॉली उन्हात वाळते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उशीर झाला तर वजन घटते ते सभासदाचे, उतारा घटतो तो साऱ्यांचा. तेव्हा दुरुस्तीच्या वेळीच विचारून घ्या, "मिस्त्री, एवढं उघडलंय, तर आणखी काय बदलून घेऊ?"